मोबाईलवरचा एक्यूआय आणि आपल्या श्वासातली हवा: अंगावर लावायचे प्रदूषण सेन्सर काय दाखवतात, काय दाखवत नाहीत

सकाळी मोबाईल उघडला की शहराचा एक्यूआय समोर येतो. आकडा हिरवा असेल तर आपण निश्चिंत होतो, लाल असेल तर मुलांना बाहेर सोडत नाही. पण घरात अम्मीचा खोकला मात्र हिरव्या दिवशीही थांबत नाही आणि लहानग्याचा दमा नेमका रात्री जेवणं झाल्यावरच उसळतो. मग मोबाईल खोटं बोलतो का?

खोटं बोलत नाही. तो फक्त दुसऱ्या जागेची हवा सांगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ अ‍ॅप असो किंवा पुण्याच्या आयआयटीएमचं ‘सफर’, त्यामागची यंत्रं मोकळ्या जागी, जमिनीपासून काही मीटर उंचावर बसवलेली असतात. शहराची हवा एकंदर कशी आहे हे कळण्यासाठी ती जागा योग्यच आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीतल्या गॅससमोर, मच्छर कॉइलशेजारी, बेकरीच्या भट्टीपुढे किंवा सिग्नलला अडकलेल्या रिक्षात आपण जी हवा ओढतो, ती त्या यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. ती मोजायची तर यंत्र माणसासोबत फिरलं पाहिजे. अंगावर लावायचे सेन्सर त्यासाठीच आहेत. गेल्या काही वर्षांत ते काही हजार रुपयांत मिळू लागल्यामुळे सामान्य घरांतही ‘घ्यावा का?’ असा प्रश्न निघतो. म्हणून ही माहिती जरा सविस्तर.

आधी साधा हिशोब

सगळ्यांत जास्त चर्चा असते पीएम २.५ ची. हे २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसावा-तिसावा हिस्सा. ते फुफ्फुसांत खोलवर जातात. एक घनमीटर हवेत त्यांचं वजन किती मायक्रोग्रॅम, यावर सगळं मोजमाप चालतं. भारतातली २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी १५ आहे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. शहरातल्या यंत्रावर दिवसाची सरासरी ४० आहे, म्हणजे आपल्या मर्यादेच्या आत. एका गृहिणीने तीन तास बंद स्वयंपाकघरात काढले आणि तिथे सरासरी ४०० होते. एक तास बाजारात आणि रिक्षात गेला, तिथे १२०. उरलेले वीस तास ४० च्या हवेत. तीन गुणिले ४०० म्हणजे १२००, एक गुणिले १२० म्हणजे १२०, वीस गुणिले ४० म्हणजे ८००. बेरीज २१२०, भागिले २४, उत्तर येतं सुमारे ८८. मोबाईल म्हणतो ४०, तिच्या वाट्याला आले ८८. त्यातही अर्ध्याहून जास्त भार त्या तीन तासांचा. त्याच घरातला कर्ता पुरुष दिवसभर बऱ्या हवेच्या ऑफिसात असेल तर त्याचा आकडा ४० च्या आसपासच राहील. एकाच घरात, एकाच छताखाली दोन वेगळे आकडे. वैयक्तिक मोजमापाचा सगळा मुद्दा इथे आहे.

कल्पना जुनीच आहे

हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागातल्या कर्मचाऱ्याच्या छातीवर एक छोटा बिल्ला लावलेला तुम्ही पाहिला असेल. तो टीएलडी बॅज. ठरावीक काळाने तो तपासणीसाठी पाठवतात आणि त्या माणसाच्या अंगावर किती किरणोत्सार पडला ते कळतं. खोलीत किती होता हे नाही, त्या माणसाला किती लागला हे. हवेसाठीही हाच विचार पुढे आला. १९६० मध्ये ब्रिटनच्या अणुऊर्जा संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कामगाराच्या अंगावर लावता येईल असा छोटा पंप आणि फिल्टर तयार केला. कामगार फिरेल तिथे पंप हवा ओढणार, कण फिल्टरवर बसणार, आणि नंतर फिल्टरचं वजन करायचं.

आपल्या देशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं काम गुजरातच्या खेड्यांत झालं. किर्क स्मिथ हे अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर असे पंप लावले. १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वयंपाकाच्या वेळी त्या बायकांच्या श्वासाजवळ घनमीटरला सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम कण होते, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम. यात लहान-मोठे सगळे कण धरले होते, त्यामुळे आजच्या पीएम २.५ शी थेट तुलना करू नये. तरीही आकडा पाहून डोळे उघडतात. तोवर प्रदूषण म्हणजे गिरणीची चिमणी आणि शहरातला धूर, अशीच समजूत होती. खेड्यातली हवा स्वच्छ धरली जायची आणि तिथल्या स्वयंपाकघरातली बाई कुठल्याच नोंदीत नव्हती.

त्याच दशकात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने न्यू जर्सीतल्या बेयॉन आणि एलिझाबेथ या रासायनिक कारखान्यांच्या शहरांतल्या रहिवाशांच्या अंगावर नमुने घेणारी छोटी साधनं लावली. अपेक्षा अशी की कारखान्याजवळ राहणाऱ्यांचे आकडे जास्त येतील. निघालं भलतंच. हवेत उडून जाणारी बरीच रसायनं बाहेरपेक्षा घरातच जास्त होती. सिगारेट, ड्रायक्लीन करून आणलेले कपडे, कपाटातल्या वासाच्या गोळ्या ही त्यांची कारणं होती. म्हणून कारखान्यांना माफी मिळाली असं नव्हे. पण श्वासाजवळ मोजल्याशिवाय अंदाज किती चुकू शकतो, हे तिथे दिसून आलं.

आजची साधनं कशी चालतात

बाजारात मिळणारं छोटं यंत्र बहुधा प्रकाशावर चालतं. आत इवलासा पंखा असतो, तो हवा ओढतो. त्या हवेवर लेझरचा किरण पडतो. कण आला की प्रकाश विखुरतो, समोरचा सेन्सर ती चमक पकडतो, आणि चमकांवरून यंत्र वजनाचा अंदाज बांधतं. ‘अंदाज’ हा शब्द लक्षात ठेवा. हे यंत्र काहीही तोलत नाही. फायदा असा की आकडा दर मिनिटाला मिळतो, म्हणजे कोणत्या क्षणी काय झालं ते कळतं.

संशोधक अजूनही पंप-फिल्टरची जुनी पद्धत सोबत ठेवतात, कारण वजन खरं असतं आणि फिल्टरवर काय साचलं, काजळी की धूळ की धातू, हे प्रयोगशाळेत तपासता येतं. पण त्यातून दिवसभराचा एकच आकडा मिळतो.

तिसरा प्रकार आवर्जून सांगण्यासारखा आहे. हातात घालायचे साधे सिलिकॉनचे पट्टे, मुलं घालतात तसे. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की हे पट्टे हवेतली आणि त्वचेला लागणारी अनेक रसायनं शोषून घेतात. नंतर प्रयोगशाळेत ती काढून मोजता येतात. छपरावर गरम डांबराचं काम करणाऱ्या कामगारांनी ते घातले होते. बॅटरी नाही, आवाज नाही, कामात अडथळा नाही. २०१७ मध्ये ह्यूस्टनला हार्वे वादळाचा पूर आला तेव्हा तिथल्या रहिवाशांनाही असे पट्टे देण्यात आले. मात्र तपासणी प्रयोगशाळेतच होते, त्यामुळे घरी विकत घेऊन उपयोग नाही.

वायूंसाठीचे सेन्सर वेगळे. कार्बन मोनॉक्साईड, नायट्रोजन डायऑक्साईड यांच्यासाठी छोटे रासायनिक सेल असतात. ते वापरले नाहीत तरी हळूहळू निकामी होतात आणि काही वर्षांत बदलावे लागतात.

कुठे फसतात

पावसाळ्यात रत्नागिरी, रायगड, मुंबईच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे नीट वाचावं. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, फुगलेला कण जास्त चमकतो, आणि यंत्र आकडा वाढवून सांगतं. वाफेचंही तसंच. भाताच्या कुकरची शिट्टी झाली की आकडा उडी मारतो. ते थेंब आहेत, धूर नाही. फोडणीची उडी मात्र खरी आहे, कारण तापलेल्या तेलातून बारीक कण निघतात.

उलट बाजूने, जाड धूळ हे यंत्र कमी दाखवतं. बांधकामाची धूळ, पिठाच्या गिरणीतली धूळ, भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवरचा कापसाचा तंतू, हे सगळं छोट्या लेझर सेन्सरला नीट पकडता येत नाही. तेव्हा कारखान्यात यंत्र हिरवं दाखवतंय म्हणून हवा चांगली, असं मालकाने सांगितलं तर मान्य करू नका. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारात साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. ही खूण कोणत्याही छोट्या यंत्रापेक्षा जास्त भरवशाची आहे. ती दिसली तर डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगूनच तपासून घ्यावं.

यंत्राला कण कशाचा आहे हेही कळत नाही. समुद्रकाठच्या हवेतलं मीठ आणि डिझेलची काजळी त्याच्यासाठी एकच. काही यंत्रांवर ‘व्हीओसी’ म्हणून आणखी एक आकडा असतो. त्यावर फार भिस्त ठेवू नये. सॅनिटायझर चोळलं, अंगावर सेंटचा स्प्रे मारला, कांदा चिरला तरी तो वर जातो.

मग असं फसवं यंत्र कशाला? तुलनेसाठी. एकाच यंत्राने, एकाच घरात, एकाच आठवड्यात घेतलेल्या दोन मोजमापांत यंत्राची चूक जवळपास सारखीच असते, त्यामुळे फरक खरा निघतो. ‘आमच्या घरात १३७ आहे’ हे विधान कच्चं. ‘एक्झॉस्ट पंखा लावल्यावर आकडा निम्म्यावर आला’ हे विधान बरंच पक्कं. शक्य असेल तर सरकारी केंद्राच्या जवळ यंत्र काही तास ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. आपलं यंत्र किती चढवून बोलतं याचा अंदाज येतो. अमेरिकेत घरोघरी लावलेल्या अशाच सेन्सरचे आकडे चढे येत होते, म्हणून तिथल्या सरकारी संस्थेने दुरुस्तीचं सूत्र तयार केलं आणि मगच ते आकडे नकाशावर घेतले.

लावायचं कसं

नाक-तोंडापासून साधारण ३० सेंटीमीटरच्या आतली हवा ही श्वासाची हवा मानतात. यंत्र तिथे हवं, म्हणजे खांद्याजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात. खिशात, पर्समध्ये किंवा बुरख्याच्या आत ठेवलं तर ते कापडातल्या हवेचा आकडा देईल. बुरखा, ओढणी किंवा दुपट्टा असेल तर क्लिप बाहेरच्या बाजूला लावा आणि हवा ओढण्याचं छिद्र कापडाने झाकलं जात नाही ना, ते मधूनमधून पाहा. वजूच्या वेळी काढून ठेवा. पाणी गेलं तर पंखा संपला. रात्री उशाजवळ, पांघरुणाबाहेर ठेवा. मुलांच्या बाबतीत दप्तराचा पट्टा सोयीचा. लंडनमध्ये २०१९ मध्ये २५० शाळकरी मुलांच्या दप्तरांत असेच सेन्सर बसवले होते. वर्गात असताना मिळणाऱ्या प्रदूषणापेक्षा शाळेच्या वाटेवरचं जास्त निघालं, आणि मोठा रस्ता सोडून आतल्या गल्लीने चालणाऱ्या मुलांच्या वाट्याला ते कमी आलं. आपल्याकडे गल्लीत कचरा जळत असेल तर हिशोब उलटा होईल, पण दोन्ही वाटांनी एकेक आठवडा मोजून पाहायला हरकत नाही.

यंत्राइतकीच वही महत्त्वाची. नुसता आलेख पाहून काही कळत नाही. साडेसातला आकडा का चढला? कोण घरात होतं, काय शिजत होतं, खिडकी उघडी होती का? घड्याळ पाहून लिहिणं जमत नसेल तर नमाजच्या वक्तांना धरून दिवसाचे भाग पाडा. फजर ते जोहर, जोहर ते असर, याप्रमाणे दोन ओळी लिहिल्या तरी पुरे. एक पूर्ण आठवडा हवा, शुक्रवार आणि रविवार धरून, कारण त्या दिवशी घरातला स्वयंपाकही वेगळा आणि ये-जाही वेगळी. एका उडीवरून घाबरू नका. रोज त्याच वेळी येणारी उडी शोधा.

एक सूचना मनापासून. यंत्र घरातल्या तरुण मुलाच्या गळ्यात जातं, कारण मोबाईलचं अ‍ॅप त्याला चालवता येतं. मग तो कॉलेजात जाऊन येतो आणि म्हणतो, सगळं ठीक आहे. यंत्र जिच्या हातात कालथा आहे तिच्या ओढणीवर लावा.

मोजल्यावर काय सापडतं

मच्छर कॉइलपासून सुरुवात करू. चीन आणि मलेशियातल्या कॉइलवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींएवढे पीएम २.५ कण सोडते. मुलाच्या पलंगाखाली आपण ती रात्रभर ठेवतो. मच्छरदाणीला धूर नाही.

लोबान, ऊद, अगरबत्ती. हा विषय नाजूक आहे, कारण त्या सुगंधाशी जुम्मेरात, फातेहा, पाहुण्यांची खातिरदारी असं बरंच काही जोडलेलं आहे, आणि आखातातून सुट्टीवर आलेला माणूस बखूरची डबी आणतोच. पण कणांना सुगंधाची ओळख नसते. धूप-अगरबत्तीचा एक ग्रॅम जळताना सरासरी ४५ मिलिग्रॅमहून जास्त कण निघतात असं मोजमापात आढळलंय. सिगारेटसाठी हाच आकडा सुमारे १० आहे. बंद खोलीत निखाऱ्यावर लोबान टाकून यंत्र शेजारी ठेवलं तर आकडा कुठे जातो आणि उतरायला किती वेळ लागतो ते आपल्या डोळ्यांनी पाहता येईल. खिडक्या उघडून, थोडाच, आणि दम्याचा माणूस दुसऱ्या खोलीत असताना, एवढा बदल केला तरी आलेख वेगळा दिसतो.

रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा तास पाहा. समोसे, भजी, कबाब, सगळं एकाच वेळी तळलं जातं, आणि तळणारी बाई दिवसभराच्या रोजाने दमलेली. एक्झॉस्ट पंखा तेल तापायच्या आधी सुरू करा आणि गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. झोपायच्या खोलीचं दार त्या वेळी बंद. पंखा नसेल तर समोरासमोरची खिडकी आणि दार उघडा. एक दिवस असं, एक दिवस तसं, पदार्थ तोच. दोन्ही आकडे वहीत लिहा. घरात वाद घालण्यापेक्षा हे सोपं. एक्झॉस्ट पंख्याचा खर्च कशाला, असं म्हणणाऱ्याला वही दाखवावी.

घराबाहेर भट्टीसमोर काम करणाऱ्यांचं मोजमाप तर जवळपास कोणीच करत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूरभट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. चर्चा झाली ती शहराच्या हवेची आणि पावाच्या भावाची. भट्टीपासून दोन हातांवर रात्रपाळी करणाऱ्या पोराच्या श्वासात काय जात होतं, हा आकडा त्या चर्चेत नव्हता. देगीखाली लाकूड लावणारे बावर्ची, सिगडीवर कबाब भाजणारे, त्यांचंही तेच.

यंत्राच्या भरवशावर सोडू नये अशा गोष्टी

कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने किंवा थंडीत खोलीत ठेवलेल्या शेगडीने माणसं दगावतात. पीएम २.५ चं यंत्र त्या वेळीही हिरवं दाखवू शकतं, कारण तो वायू त्याला दिसतच नाही. गिझर बाथरूमच्या बाहेर आणि हवा खेळती, याला पर्याय नाही.

शिसंही तसंच. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम, काही प्रकारचा सुरमा, जुना रंग यांतून ते शरीरात जातं आणि बरंचसं तोंडावाटे जातं. काही सुरम्यांत शिशाचं खनिज असल्याचं तपासण्यांत आढळलं आहे. शंका असेल तर मुलाच्या रक्तातलं शिसं तपासावं. अंगावरचा सेन्सर इथे निरुपयोगी आहे.

आणि आकडा म्हणजे निदान नव्हे. दम्याच्या मुलासाठी डॉक्टर पीक फ्लो मीटर देतात, फुंकून मोजायचं. त्याची रोजची नोंद आणि सेन्सरची वही शेजारी ठेवली तर डॉक्टरांना खरी मदत होते. आकडा कमी आला म्हणून पंप बंद करणं हा मात्र धोका आहे.

शेवटची बाब यंत्र घेण्याआधी विचारायची. बहुतेक यंत्रं मोबाईलच्या लोकेशनशी जोडलेली असतात. दर मिनिटाचा आकडा म्हणजे दर मिनिटाची जागा. घरातली बाई कधी, कुठे होती, मूल कोणत्या वाटेने शाळेत गेलं, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ शकतं. लोकेशन बंद ठेवूनही यंत्र चालतं का, माहिती मोबाईलमध्येच साठवता येते का आणि नंतर पुसता येते का, हे दुकानदाराला किंवा अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये आधी पाहावं. एखाद्या संशोधनात भाग घ्यायला कोणी सांगितलं तर संमतीपत्र मराठीत मागा आणि आपल्या घराचा आकडा आपल्याला परत मिळणार का, हे सही करण्याआधी लिहून घ्या.